बुद्धिबळाचे घड्याळ

बुद्धिबळाच्या डावात प्रत्येक खेळाडूचा विचारकाल स्वतंत्रपणे मोजणारे दुहेरी घड्याळ. लंडनच्या १८५१ मधील स्पर्धेत कालमर्यादा नसल्याने काही डाव फार रेंगाळले. १८६१ मध्ये आंडर्सन व कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे ठेवून दोन तासांत २४ खेळ्यांचे बंधन घातले गेले. यांत्रिक दुहेरी घड्याळ १८८३ च्या लंडन स्पर्धेत आले.

महाराष्ट्रात घरी वा ओटीवर रंगणाऱ्या डावास असे बंधन नसते. त्यामुळे सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थेतून स्पर्धेत उतरणाऱ्यास हात लावलेले मोहरे चालविणे, खेळी लिहिणे आणि खेळी केलेल्या हातानेच घड्याळ दाबणे, या सवयी अंगी बाणवाव्या लागतात. वेळ संपल्यास जिंकत आलेला डावही बहुधा गमवावा लागतो. म्हणून विचार कोठे आवरता घ्यावयाचा, हे जाणणेही कौशल्यच होय. बॉबी फिशर यांना १९८९ मध्ये एकस्व मिळालेल्या घड्याळाने प्रत्येक खेळीगणिक काही वेळ वाढवून देण्याची सोय केली. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटल्यावर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जलद डावांत कोनेरू हंपी यांच्यावर विजय मिळविला व त्यायोगे त्यांना ग्रँडमास्टर हा किताब लाभला.