चुकारा

माझ्या लहानपणी दिवाळी सरली की घरातल्या सगळ्या गोष्टी एकाच शब्दावर अडायच्या. आईचं लुगडं, माझी पुस्तकं, दुकानदाराची उधारी, सगळं ‘चुकारा आला की’. चुकारा म्हणजे केंद्रावर घातलेल्या कापसाचे पैसे. तेही एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं.

राज्यातला कापूस सरकारशिवाय कुणी घ्यायचा नाही, असा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्याआधी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. त्यातून सुटलो म्हणून सुरुवातीला आमचे बाबा खूश होते. मग केंद्रावर बैलबंड्यांच्या रांगा लागू लागल्या. मी स्वतः बाबांसोबत दोन रात्री बंडीखाली झोपलो आहे. तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं मूठभर कापूस उचलला, बोटांनी चोळला, ‘ओला हाय’ म्हणाला आणि खालच्या प्रतीत टाकला. बाबा गप्प राहिले. बंडी परत नेली असती, तर पुन्हा रांग होतीच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला लागून आदिलाबाद. तिकडे भाव चढला की लोक रात्रीतून कापूस पलीकडे न्यायचे. नाक्यावर सापडला तर गुन्हा. बाबा म्हणायचे, “वावर आपलं, कापूस आपला, अन् आपल्यालेच चोरून न्या लागते!”

म्हणून त्यांनी छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावला. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या, असं शरद जोशी सांगत, ते त्यांना मनापासून पटलं होतं. जुलै १९९१ मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी नवं आर्थिक धोरण मांडलं, तेव्हा आमच्या पारावर कुणी रडलं नाही. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांना पुढे ‘खाउजा’ म्हणू लागले. पुस्तकवाले नवउदारमतवाद म्हणतात. आम्हाला वाटलं, आता नाका उठणार.

नाका उठला नाही. आधी उठलं ते खतावरचं नियंत्रण. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांच्या किमती मोकळ्या झाल्या, डीएपी महागलं. १९९७ मध्ये रेशन दारिद्र्यरेषेवर बेतलं गेलं. १९९९ मध्ये कार्डांना रंग आले. बारा एकर कोरडवाहू असल्यानं आम्ही ‘वरचे’ ठरलो, कार्ड केशरी. बँकेत पीककर्जासाठी चकरा वाढल्या, आणि बाबा कृषी केंद्राच्या उधारीवर आले. विकत घ्यायचं ते सगळं बाजारभावानं, विकायचा कापूस मात्र बांधलेला. अशी दहा वर्षं गेली.

२००२ च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात. अन् मोकळ्या बाजारात आम्ही उतरलो तो बाजार तरी कुठे मोकळा होता? अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान देत होती, जगातले भाव पडत होते. ब्राझीलनं त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली आणि पुढे ती जिंकलीही. आमची तक्रार नेणारं कोणी नव्हतं.

बाबा एकदा पारावर म्हणाले, “आम्ही म्हटलं, पायातली बेडी काढा. यायनं बेडी काढता काढता हातातली काठीबी नेली.”

२००६ मध्ये मनमोहन सिंग पंतप्रधान म्हणून विदर्भात आले. गावोगावी आत्महत्या होत होत्या. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. बँकांच्या थकीत कर्जांवरचं व्याज माफ झालं. बाबांनी टीव्हीवर सगळं ऐकलं, उठून फडताळातली वही काढली. आमचं देणं कृषी केंद्राचं होतं. ते कुठल्याच पॅकेजात बसत नव्हतं. मोटारपंप विकून त्यांनी ते फेडलं.

त्यांचा बिल्ला अजून माझ्याकडे आहे. जुनं केंद्र परत यावं असं मला वाटत नाही. त्या रांगेत मी झोपलो आहे. आता व्यापारी रोख देतो. चुकारा हा शब्द माझ्या मुलाला माहीत नाही.

फक्त मागल्या साली गाडी उभी केली, तेव्हा व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उचलला, बोटांनी चोळला आणि म्हणाला, “ओला हाय.”