तीन कॅमेऱ्यांची शाळा

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या प्रभात आवाराचा इतिहास बहुतेक वेळा सिनेमाचाच सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये इथे आली. 'संत तुकाराम' इथेच तयार झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. कंपनी बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. पुढे ऋत्विक घटक, मणी कौल, कुमार शहानी ही नावं या आवाराला कायमची चिकटली. याच आवारात १९७४ साली दिल्लीहून टेलिव्हिजन प्रशिक्षण विभाग हलवण्यात आला. तिथे शिकलेल्या माणसांनी देशभरातल्या टीव्ही केंद्रांचे कॅमेरे चालवले, तरी त्या विभागाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही.

हा विभाग का लागला, हे समजायला आधी दिल्लीत जावं लागतं. भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, आकाशवाणीच्या इमारतीतल्या एका तात्पुरत्या स्टुडिओतून. युनेस्कोची मदत होती, आणि मूठभर संच दिल्लीतल्या सामुदायिक केंद्रांत ठेवलेले होते. रोजचं प्रसारण सुरू व्हायला १९६५ साल उजाडलं. या सगळ्या काळात टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. दूरदर्शन वेगळं झालं ते १ एप्रिल १९७६ रोजी. त्यामुळे पहिल्या पिढीतले बरेच जण रेडिओवर तयार झालेले होते. आवाजाची त्यांना उत्तम जाण होती, पण चित्राची भाषा त्यांना काम करता करता शिकावी लागली.

मग केंद्रं भराभर वाढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं. त्याच वर्षी श्रीनगर आणि अमृतसर, तर १९७५ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि लखनौ ही केंद्रं आली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा उपग्रह-प्रयोग चालला. त्यात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांपर्यंत कार्यक्रम पोचवायचे होते. प्रत्येक केंद्राला निर्माते हवे होते, अभियंते हवे होते, आणि कॅमेऱ्यामागे उभी राहणारी माणसं हवी होती. ती कुठून आणायची? सिनेमाचा कॅमेरामन आणून भागत नव्हतं, कारण हे कामच निराळं होतं.

हा फरक या गोष्टीच्या मुळाशी आहे. सिनेमाच्या सेटवर प्रकाश कसा पडेल, भिंग कोणतं, फिल्मवर उजेड किती घ्यायचा, हे सगळं छायालेखक ठरवतो. चौकट त्याच्याच नजरेतून घडते. टीव्हीच्या स्टुडिओत ही नजर वाटली गेलेली असते. दिवे लावणारा वेगळा. उजेडाचं प्रमाण, काळ्या-पांढऱ्याची पातळी आणि पुढे रंगांचा मेळ सांभाळणारा अभियंता सीसीयूपाशी, म्हणजे कॅमेरा कंट्रोल युनिटपाशी बसलेला. तीन कॅमेऱ्यांपैकी कुणाचं चित्र प्रेक्षकाला दाखवायचं हे कंट्रोल रूममधला दिग्दर्शक ठरवणार आणि पॅनेलवरचा माणूस बटण दाबणार. फ्लोअरवरच्या कॅमेरामनकडे उरतं ते चौकट, फोकस आणि हालचाल. एवढंच, पण हे एवढंच त्याने अचूक केलं नाही तर बाकीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते.

विद्यार्थ्यांच्या निर्मितीत म्हणून पहिला धडा असतो तो जागा बदलण्याचा. आज जो दिग्दर्शक, तो उद्या कॅमेरा दोनवर. जो पॅनेलवर बसला, तो पुढच्या खेपेला फ्लोअर मॅनेजर. कुणी आवाजावर, तर कुणी केबल धरायला. जगभरच्या टीव्ही शाळांत हीच रीत चालत आली आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टन विद्यापीठाचं केयूएचटी हे अमेरिकेतलं पहिलं बिगर-व्यावसायिक शैक्षणिक केंद्र. ते २५ मे १९५३ रोजी सुरू झालं, आणि रिचर्ड इव्हान्स यांचा मानसशास्त्राचा वर्ग तिथून प्रक्षेपित होऊ लागला. ग्लासगो विद्यापीठात १९६४ पासून विद्यार्थी स्वतःचं टीव्ही केंद्र चालवत आले. प्रसंग, देश, भाषा निराळ्या. पण तीन कॅमेरे, एक कंट्रोल रूम आणि कानावर हेडफोन लावलेली मुलं, ही मांडणी सगळीकडे तीच.

ही मांडणी कशी चालते ते साध्या मुलाखतीवरून कळतं. नवख्या मुलांना आधी मुलाखतच देतात, आणि ती दिसते तेवढी सोपी नसते. दोन खुर्च्या, एक मुलाखतकार, एक पाहुणा. डावीकडून कॅमेरा एक, मध्ये दोन, उजवीकडे तीन. डावीकडचा कॅमेरा उजव्या खुर्चीतल्या माणसाला टिपतो आणि उजवीकडचा डाव्या खुर्चीतल्याला. म्हणजे दोघांच्याही चेहऱ्यांची समोरची बाजू दिसते. मधला दोघांना एकत्र घेतो. या तिघांनी आपापली बाजू सोडायची नाही, कारण कॅमेऱ्याची जाड केबल मागे पसरलेली असते. कॅमेरा एक तीनच्या पलीकडे गेला की केबल एकमेकींत अडकतात, शिवाय पडद्यावर दोन्ही माणसं एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो.

कॅमेऱ्यावर लाल दिवा असतो. तो पेटला की आपलं चित्र बाहेर जातंय. अशा वेळी हलायचं ते सांगितल्याशिवाय नाही. पण दिवा विझला की लगेच पुढच्या शॉटच्या तयारीला लागायचं. ही तयारीच खरी परीक्षा आहे. झूम लेन्स आल्यावर एक पक्की सवय लावली गेली: आधी पूर्ण आत जाऊन डोळ्यांवर फोकस धरायचा, मगच मागे यायचं, म्हणजे पुढे दिग्दर्शकाने कधीही आत जायला सांगितलं तरी चेहरा धूसर होत नाही. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना पुढच्या बाजूला चार भिंगांची फिरती चकती असायची. भिंग बदलायचं तर ती चकती फिरवावी लागे, आणि तेही लाल दिवा विझलेला असतानाच. नाहीतर प्रेक्षकाच्या पडद्यावर अख्खं चित्र गरगरलं असतं.

जुन्या नळ्यांच्या कॅमेऱ्यांची आणखी एक अडचण होती. इमेज ऑर्थिकॉन ही नळी १९४० च्या दशकात अमेरिकेत आरसीएने विकसित केली. तिथल्या टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नावही या नळीच्या 'इमी' या लाडक्या नावावरून पडलं. ही नळी एकाच स्थिर, झगझगीत दृश्यावर फार वेळ रोखून ठेवली की त्या दृश्याचा डाग तिच्यावर बसायचा आणि पुढच्या शॉटमध्ये मागचा फलक किंवा खिडकी पुसट उमटायची. म्हणून शॉट नसताना भिंगावर झाकण घालायचं आणि दिव्याकडे चुकूनही कॅमेरा वळवायचा नाही, हे अंगवळणी पाडावं लागे. विजेच्या नळ्या तापून स्थिर व्हायलाही वेळ लागे, त्यामुळे चित्रीकरणाआधी बराच वेळ कॅमेरे सुरू ठेवून अभियंते त्यांची जुळणी करत. शिस्त म्हणून जे शिकवलं गेलं, त्यातलं बरंच काही यंत्राच्या या नाजूकपणातून आलेलं आहे.

शॉटची यादी कॅमेऱ्याला लावलेल्या कार्डावर असे. कॅमेरा दोनच्या कार्डावर फक्त दोनचे शॉट: कितवा शॉट, कोण, किती जवळून. नाटक, नाच किंवा गाणं असलं की हे कार्डच जीव की प्राण. बाकी सगळं कानावर. टॉकबॅकमधून दिग्दर्शकाचा आवाज येतो, 'टू, स्टँडबाय… टेक टू. वन, पाहुण्यांचा क्लोज दे. थोडा टाईट… हेडरूम कमी कर.' कॅमेरामनला उलट बोलायचं नसतं; फ्लोअरवर माइक उघडे असतात. 'होय' म्हणायचं तर कॅमेरा वरखाली हलवून, 'नाही' म्हणायचं तर डावीउजवीकडे. अर्थात लाल दिवा विझलेला असतानाच.

ज्याला दिग्दर्शनाचा अनुभव आहे, तो कॅमेऱ्यावर उभा राहिला की वेगळं वागतो. मुलाखतकाराचा प्रश्न संपत आला की पाहुणा बोलायच्या आधी एक श्वास घेतो. तो श्वास ज्या कॅमेरामनच्या ध्यानात येतो, त्याचा क्लोजअप सांगायच्या आतच तयार असतो. दिग्दर्शक समोरच्या मॉनिटरांवर पाहतो आणि त्याला हवा तो शॉट आधीच वाट पाहत उभा असलेला दिसतो. विद्यार्थ्यांची आलटापालट याच गोष्टीसाठी आहे, आणि पुण्यात शिकवल्या गेलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोलाची मानायला हवी. चित्र एकट्याच्या डोक्यातून उतरत नाही, पाच-सहा माणसांच्या एकाच वेळच्या समजुतीतून उतरतं, हे पुस्तकातून शिकता येत नाही. त्यासाठी प्रत्येक खुर्चीत बसून, प्रत्येक चूक दुसऱ्याला भोवताना पाहावी लागते.

मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातलं मराठी दूरदर्शन आठवणाऱ्यांना 'गजरा'मधले प्रहसनाचे तुकडे, 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधल्या गप्पा, 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' आठवतात. विनायक चासकरांसारख्या निर्मात्यांची नावं आठवतात, कलाकारांची तर हमखास. या स्टुडिओच्या कामात दोन इंची टेपवरचं संकलन किचकट आणि खर्चिक होतं, म्हणून कार्यक्रम शक्य तितका सलग ध्वनिचित्रमुद्रित करायचा प्रयत्न असे. सलग म्हणजे दुसऱ्या संधीशिवाय. एखाद्या नटाने वाक्य गाळलं, तो ठरल्या जागेवर न थांबता दोन पावलं पुढे गेला, तरी त्याला चौकटीत धरून ठेवायचं काम कॅमेरामनचं. प्रेक्षकाला चूक कळली नाही, की ते काम नीट झालं.

१९८२ हे वर्ष या धंद्यात एक वळण ठरलं. १५ ऑगस्टला रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई खेळ भरले. रंग आले तरी कॅमेरामनच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र कृष्णधवलच राहिलं, कारण फोकस त्यात अधिक स्पष्ट कळतो. त्याच सुमारास व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेण्याइतका हलका झाला आणि स्टुडिओबाहेरचं काम वाढलं. खांद्यावरच्या कॅमेऱ्याने माणूस पुन्हा एकटा झाला, स्वतःच ठरवणारा, सिनेमावाल्याच्या जवळ जाणारा. तरुणांना त्याची ओढ वाटणं साहजिकच होतं.

पण शिकवण्यासाठी स्टुडिओ लागतच राहिला. दिल्लीत जामिया मिलिया इस्लामियात अन्वर जमाल किदवईंनी १९८२ साली मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर उभारलं. कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठाचं त्यात सहकार्य होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं, तेव्हा कार्यक्रम बनवायला विद्यापीठांमध्ये माध्यम केंद्रं लागली. पुणे विद्यापीठातलं ईएमआरसी हे त्यांपैकी एक. दुपारच्या वेळी भूगोल, जीवशास्त्र, इतिहास घरबसल्या पाहणाऱ्या कित्येक मराठी मुलांना हे कार्यक्रम कुठे बनतात, हे ठाऊक नव्हतं. प्राध्यापक फळ्यावर आकृती काढतात, हात फळ्यावर कुठे जाणार याचा अंदाज कॅमेरामन बांधतो, आणि आकृती पूर्ण व्हायच्या क्षणी चौकट तिच्यावर स्थिरावते. या कामाला टाळ्या नसतात. शिकणाऱ्याला आकृती समजली, एवढंच त्याचं फळ.

नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या. ९ जुलै २००० रोजी ईटीव्ही मराठी हैदराबादहून सुरू झाली आणि मराठी तरुणांचे जथे रामोजी फिल्मसिटीत कामाला गेले. मालिकांच्या सेटवर एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावून भराभर चित्रीकरण होऊ लागलं, ते स्टुडिओच्याच पद्धतीचं रूप होतं. बातम्यांच्या स्टुडिओत मात्र उलटं घडलं. आता अनेक ठिकाणी यांत्रिक कॅमेरे असतात; एक माणूस आत बसून सगळे हलवतो, निवेदक एकटा फ्लोअरवर. बातमीसाठी ते पुरेसं असेल. पण गाण्याच्या बैठकीत तबलजीच्या चेहऱ्यावर हसू उमटणार हे आधी ओळखून तिकडे वळणं, हे त्या यंत्राच्या आठवणीत साठवलेल्या शॉटांना जमत नाही.

महाविद्यालयांतल्या माध्यम विभागांत आज छोटा स्विचर आणि हलके डिजिटल कॅमेरे आले आहेत. नळी नाही, डाग नाही, चकती नाही. तरी 'स्टँडबाय' आणि 'टेक' तेच, लाल दिवा तोच, डावीकडून एक-दोन-तीन ही मांडणीही तीच.

१९७४ मध्ये जे पंचविशीत होते, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. वरळीच्या मुंबई केंद्रातले, पुण्याच्या प्रशिक्षणातले, 'साइट'च्या दिवसांतले हे कॅमेरामन अजून आपल्यात असताना त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात, आणि हे काम पुण्यामुंबईच्या माध्यम विभागांतल्या विद्यार्थ्यांनीच अंगावर घ्यावं. चकतीवरचं भिंग किती झटकन बदलता येत असे, शॉट कार्ड कोण लिहीत असे, पहिल्या रंगीत कार्यक्रमाच्या दिवशी दिव्यांखाली किती उकडत होतं, कोणत्या नाटकात कोणत्या नटाला ऐनवेळी चौकटीत सांभाळून घ्यावं लागलं: असे नेमके प्रश्न विचारावेत. आणि त्या मुलाखती अर्थातच तीन कॅमेऱ्यांवर, सलग घ्याव्यात.