बंदूक, पिंजरा आणि कॅमेरा

ग्वाल्हेरची फूलबाग म्हटली की मराठी मनाला प्रथम स्मरते ती राणी लक्ष्मीबाईंची समाधी. १८५८ च्या जूनमधील रणसंग्रामाची ती खूण होय. त्याच परिसरात महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, १९२२ साली, प्राणिसंग्रहालय सुरू झाले. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी शहराबाहेरील तिघरा जलाशयाकडे निघालेला प्रवासी या पिंजऱ्यांपाशी घटकाभर थांबला, तर एक जुना प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. रानातले पाखरू माणसाने आपलेसे करावे ते कोणत्या मार्गाने? या प्रदेशाच्या इतिहासाने त्याची तीन उत्तरे दिली आहेत: बंदूक, पिंजरा आणि कॅमेरा.

उत्तरेकडे थंडी पडू लागली की तिकडची तळी गोठतात आणि अन्न दुर्मिळ होते. मग मध्य आशिया, सैबेरिया, तिबेट येथील पाणपक्षी दक्षिणेची वाट धरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. केशरी अंगाचा चक्रवाक आणि नाना जातींची बदके मध्य भारतातील जलाशयांवर उतरतात. हे जलाशय बहुधा संस्थानी काळातले. सांक नदीवरील तिघरा धरण १९१६ चे. शिवपुरीचा सख्यासागर त्याच सुमाराचा, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. माणसाने आपल्या गरजेसाठी पाणी अडविले आणि पाखरांनी ते आपले मानले.

तथापि त्या काळी या पाहुण्यांचे स्वागत बंदुकीने होत असे. शेजारच्या भरतपूर संस्थानात १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथे अभिमानाने दगडावर कोरला गेला. पक्षिशास्त्राचे साधनही तेव्हा बंदूकच होते. डॉ. सलीम अली यांनी ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९३९-४० मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा पाहण्यांत पक्ष्याची जात निश्चित करावयाची, तर नमुना हाती असावा लागे.

पक्षी जिवंत ठेवून त्याचा प्रवास जाणण्याचा मार्ग मध्य भारतातच सापडू लागला. पवारांच्या धार संस्थानात, या संस्थेच्या साहाय्याने, १९२६ च्या सुमारास बदकांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडण्यास आरंभ झाला. परंतु यातही एक विसंगती होती. कडे परत येई ते पुष्कळदा कुणा दूरच्या शिकाऱ्याकडून. पक्षी कोठे गेला हे कळावे, यासाठी तो मरावा लागे.

कॅमेरा या कामाला फार उशिरा आला. इंग्लंडमध्ये केर्टन बंधूंनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये छायाचित्रांनी सजलेला ग्रंथ काढला. भारतात लोदर यांचे भारतीय पक्ष्यांच्या छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभीच्या छायाचित्रकाराचा सारा भर घरट्यावर असे. काच मंद, भिंग आखूड. मग घरट्याशेजारी लपण उभारून, पिलांसाठी पक्षी परत येईल या भरवशावर तासन्‌तास बसावयाचे. हिवाळी पाहुणा मात्र या युक्तीला वश होत नाही. त्याचे घरटे हजारो कोसांवर. इथे तो केवळ खातो आणि विसावतो. वेगवान फिल्म आणि लांब पल्ल्याची भिंगे सुलभ झाली, तेव्हाच तो सहजपणे चित्रात येऊ लागला.

आज दूरच्या बदकाच्या पायातील कडे किंवा कादंबाच्या गळ्यातील पट्टा भिंगातून वाचता येतो. जी माहिती पूर्वी गोळीने मिळे, ती आता पक्ष्याला स्पर्श न करता मिळते. मात्र चित्रासाठी थवा उठविणारा, होडी पाखरांमध्ये घालणारा मनुष्य जुन्या शिकाऱ्याचाच वारस ठरतो. परतीच्या प्रवासाची शिदोरी म्हणजे पक्ष्याच्या अंगातील चरबी. प्रत्येक व्यर्थ भरारीत ती खर्च होते, आणि हे नुकसान चित्रात दिसत नाही.

भरतपूरच्या पाणथळीत हिवाळा घालविणाऱ्या सैबेरियन क्रौंचाची अखेरची जोडी २००२ मध्ये दिसली. त्यानंतर तो तेथे फिरकला नाही. आता तेथील त्याचे अस्तित्व सांगणारी छायाचित्रे तेवढी उरली आहेत. ज्यांनी दिवस, स्थळ आणि संख्या लिहून ठेवली, त्यांची चित्रे इतिहासाचे साधन झाली. बाकीची शोभेपुरती राहिली. फूलबागेवरून तिघऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाने कॅमेऱ्याबरोबर एक वही घ्यावी, आणि थवा ज्या पाण्यावर बसलेला आढळला त्याच पाण्यावर तो बसलेला ठेवून परतावे.