चार्जरची नोंदवही: विजेच्या गाड्यांच्या हिशेबाचा इतिहास

१/
विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास बहुधा बॅटरीच्या अंगाने सांगितला जातो. त्याचा दुर्लक्षित पदर म्हणजे हिशेब. गाडीने घेतलेली वीज कोणी मोजली, ती नोंद कोणाच्या हाती राहिली आणि बिलापर्यंत कशी पोहोचली?

२/
हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ‘हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनी’ने १९१० ते १९२४ या काळात बॅटरी बदलून देण्याची सेवा चालवली. ग्राहक मालवाहू गाडी बॅटरीविना विकत घेई आणि कापलेल्या मैलांनुसार आकार व त्यावर मासिक शुल्क भरी.

३/
या सेवेतील गाड्यांनी एकूण ६० लाखांहून अधिक मैल अंतर कापले. वीज, बॅटरी आणि बिल एकाच कंपनीकडे असल्याने सारा हिशेब एकाच वहीत मावत असे.

४/
एकविसाव्या शतकात ही घडी मोडली. चार्जर बनवणारा एक, तो चालवणारा दुसरा, ग्राहकाला कार्ड देणारा तिसरा. त्यात प्रत्येक उत्पादकाच्या चार्जरची भाषा निराळी. एका कंपनीचे यंत्र घेतले की तिच्याच सॉफ्टवेअरशी बांधले जाण्याची वेळ येई.

५/
नेदरलँड्समध्ये वीज वितरणाचे जाळे चालवणाऱ्या कंपन्यांनी २००९ मध्ये ‘ई-लाड’ ही संस्था उभारली. तिच्या पुढाकाराने ‘ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल’, म्हणजेच ओसीपीपी, ही सर्वांना खुली असलेली भाषा जन्मली. तिची १.५ आवृत्ती २०१२ मध्ये, तर १.६ आवृत्ती २०१५ मध्ये आली.

६/
तिची रचना सुबोध आहे. कार्ड लावताच चार्जर मध्यवर्ती संगणकाकडे परवानगी मागतो. व्यवहाराच्या आरंभी व अखेरीस मीटरचा आकडा वेळेसह कळवतो. त्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे वापरलेली वीज. लेखा विभागाचे बिल, वाहनताफ्याचा प्रतिकिलोमीटर खर्च, कंपनीची गाडी घरी चार्ज करणाऱ्या कर्मचाऱ्याची भरपाई, हे सारे याच वजाबाकीवर उभे राहते.

७/
परक्या कंपनीच्या चार्जरवर आपले कार्ड कसे चालावे? येथे मोबाइलच्या रोमिंगचा कित्ता गिरवला गेला. बीएमडब्ल्यू, डेमलर, बॉश, सीमेन्स, एनबीडब्ल्यू आणि आरडब्ल्यूई यांनी २०१२ मध्ये बर्लिनमध्ये ‘हबजेक्ट’ स्थापन केली. नेदरलँड्समध्ये ओसीपीआय हा खुला करार आकारास आला. दूरध्वनीच्या ‘कॉल डिटेल रेकॉर्ड’प्रमाणे येथे ‘चार्ज डिटेल रेकॉर्ड’ एका कंपनीकडून दुसरीकडे जाऊ लागले.

८/
खुलेपणाचे मोल संकटात कळते. ‘ब्लिंक’ हे चार्जरचे जाळे चालवणारी अमेरिकेतील इकोटॅलिटी कंपनी सप्टेंबर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे ते जाळे दुसऱ्या कंपनीने विकत घेतले, म्हणून निभावले. अन्यथा रस्त्याकडेला खांब उभे आणि त्यांचे ऐकणारा संगणक मात्र बंद, अशी अवस्था ओढवू शकते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. चार्जिंगच्या व्यवसायात तो ससा म्हणजे नोंद.

९/
२०२४ मध्ये ओसीपीपी २.०.१ ला ‘आयईसी ६३५८४’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. हार्टफर्डमध्ये वही एका कंपनीची होती. आज वह्या अनेक आहेत. त्यांची लिपी एक असेल, तरच ग्राहकाला आपले बिल पडताळता येते आणि चार्जरच्या मालकाला सॉफ्टवेअर पुरवणारा बदलता येतो.