विजयाचे नाव, शोकाचा सूर

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात घनघोर लढाई झाली. मुबारिझखान दोन पुत्रांसह रणात पडला. निजामाची दख्खनमधील सत्ता याच विजयाने दृढ झाली. त्याने गावाचे नाव ‘फतेहखेर्डा’, म्हणजे विजयाचे खेडे, असे ठेवले.

दूरच्या स्कॉटलंडने स्मरण ठेवले ते पराभवाचे. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडन येथे राजा चौथा जेम्स आणि त्याचे हजारो सैनिक इंग्रजांशी लढताना मारले गेले. ‘द फ्लावर्स ऑफ द फॉरेस्ट’ हे विलापगीत त्यांचेच. जुन्या चालीवर अठराव्या शतकात जीन इलियट या कवयित्रीने शब्द रचले. त्यात राजाचा गौरव नाही. मागे उरलेल्या गावच्या लेकीबाळींचा आक्रोश आहे. आजही सैनिकांच्या अंत्यविधीला आणि स्मरणदिनी बॅगपाइपवर ती चाल वाजते.

साखरखेर्ड्यात जेत्याने दिलेले नाव लोकांच्या जिभेवर रुळले नाही. गाव पुन्हा साखरखेर्डाच राहिले. फ्लॉडनच्या पराभूतांचा शोक मात्र शतकानुशतके कंठोकंठी चालत आला. फत्ते कोणाचीही होवो, रणात पडतात ती कोणाची तरी लेकरे. त्यांचे स्मरण राजाज्ञेने टिकत नाही. घरच्यांच्या अश्रूंनीच टिकते.