बास्केटबॉलपटूची कारकीर्द (महाराष्ट्र, विशेषतः विदर्भ)

बास्केटबॉलपटूची कारकीर्द : बास्केटबॉल खेळून उपजीविका करणाऱ्या खेळाडूची शालेय मैदानापासून निवृत्तीनंतरच्या कामापर्यंतची वाटचाल. अमेरिकेत आणि युरोपात ती क्लबच्या करारावर उभी असते. भारतात ती अनेक दशके नोकरीवर उभी आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका आणि ओएनजीसीसारखे सार्वजनिक उपक्रम खेळाडूला पगारी पदावर घेतात व तो त्या खात्याच्या संघातून खेळतो. त्यामुळे कोणत्या संघातून खेळायचे हे इथल्या खेळाडूसाठी कोणते खाते घेईल यावर ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील मुलामुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण असा संघ बाळगणारे खाते त्यांच्या आसपास नाही.

हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत सुरू केला. भारतात तो वायएमसीएमार्फतच आला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रात हा खेळ मिशनरी संस्था, जिमखाने आणि शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये यांच्या आधाराने रुजला. मुंबईत नागपाडा हे त्याचे मोठे केंद्र. क्लिफर्ड मॅनशार्ड यांनी १९२०च्या दशकात उभारलेले नागपाडा नेबरहूड हाऊस आणि जवळचे बच्चू खान मैदान येथे कामगार वस्तीतील मुले हा खेळ शिकली. विदर्भात नागपूरच्या शिवाजीनगर जिमखान्यासारख्या संस्थांनी तो जोपासला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) मल्लखांब आणि देशी खेळांसाठी अधिक प्रसिद्ध असले, तरी त्याच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले शिक्षक वऱ्हाडातील शाळाशाळांत पोहोचले आणि बास्केटबॉलची पहिली ओळख अनेक ठिकाणी त्यांनीच करून दिली.

यवतमाळातील खेळाडूची चढण शालेय स्पर्धांपासून सुरू होते : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि उमरखेडसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. त्यापुढचा अमरावती विभाग अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांचा. महाविद्यालयात गेल्यावरही प्रदेश हाच राहतो, कारण संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे क्षेत्र तेच पाच जिल्हे आहे. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणे ही अनेकांसाठी बाहेरच्या निवडकर्त्यांच्या नजरेस पडण्याची पहिली संधी असते. खेळाडू तोवर विशीत आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला हीच संधी चौदाव्या-पंधराव्या वर्षी मिळू शकते, आणि बास्केटबॉलमध्ये ही पाच-सहा वर्षे फार मोलाची. चेंडू न पाहता ड्रिबल करणे, डाव्या हाताने ले-अप घेणे, बचावात पाय योग्य जागी पडणे या सवयी त्या वयात लागल्या तर लागतात.

दुसरी अडचण मैदानाची. आंतरराष्ट्रीय कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. मापे सिमेंटवरही आखता येतात, पण उडी मारून खाली येणाऱ्या गुडघ्याला लाकडी तळ आणि सिमेंट यांतला फरक रोज जाणवतो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या कोर्टवर सूर्योदयानंतर थोडाच वेळ आणि मग थेट संध्याकाळी सराव होतो. शाळेला सुट्टी असते तो, म्हणजे सर्वाधिक सराव व्हायला हवा तो काळ असा निम्मा होतो. लाकडी कोर्टसाठी मुले विभागीय क्रीडा संकुलांकडे किंवा १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी बांधलेल्या पुण्याच्या बालेवाडी संकुलाकडे पाहतात. घोटा मुरगळणे ही या खेळातली नेहमीची दुखापत. गुडघ्यातील अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांत मोसमच्या मोसम जातो. नोकरी लागलेल्या खेळाडूची पाठराखण अशा वेळी खाते करते. नोकरीच्या आधी ही दुखापत झाली, तर सगळा भार घरावर पडतो आणि कित्येक कारकिर्दी तिथेच थांबतात.

नोकरीचे दोन मार्ग आहेत. पहिला खेळाडू म्हणून थेट भरतीचा. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात खुली चाचणी होते, पदके व प्रमाणपत्रे पाहिली जातात, आणि निवड झालेला खेळाडू लिपिक किंवा तिकीट तपासनीस अशा पदावर रुजू होऊन रेल्वेच्या संघातून खेळतो. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वेचा संघ दीर्घकाळ वरचढ राहिला, त्याचे कारणही हेच : राज्याराज्यांतल्या उत्तम मुली नोकरीसाठी रेल्वेत जातात आणि आपल्या राज्याविरुद्ध उतरतात. महाराष्ट्राच्या महिला संघाची ताकद वेळोवेळी अशीच वाटली गेली आहे. दुसरा मार्ग राज्य शासनाच्या नोकरीतील खेळाडूंसाठीच्या ५ टक्के समांतर आरक्षणाचा. यात खेळाडू प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. हे आरक्षण कुटुंबाला स्थैर्य देते आणि त्याच्या आशेवर अनेक पालक मुलांना मैदानावर पाठवतात. पण लागलेले पद खेळाचे नसते. तलाठी किंवा पोलीस शिपाई झालेला बास्केटबॉलपटू पुढे किती खेळेल, हे त्याची ड्युटी ठरवते. कारकीर्द घडवण्याच्या दृष्टीने पहिला मार्गच खरा. दुसरा बहुधा कारकिर्दीच्या शेवटी मिळालेले बक्षीस ठरतो.

महाराष्ट्राच्या खेळाडूंत गुलाम अब्बास मुंतसिर (१९४२–२०२२) यांचे स्थान पहिले. नागपाड्यात घडलेल्या या खेळाडूने भारताचे नेतृत्व केले आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. १९६९ व १९७५ अशा दोन आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ते खेळले. १९७५ मध्ये बँकॉकला भारत चौथा आला, ही पुरुष संघाची या स्पर्धेतील सर्वोत्तम कामगिरी आहे. त्यांच्या पिढीसमोर व्यावसायिक लीग नव्हती. खेळावरच्या निष्ठेइतकाच वस्तीतल्या मैदानाचा त्यांना आधार होता.

अलीकडच्या काळात पुण्याच्या शिरीन लिमये यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. २०१७ मध्ये बंगळुरूला फिबा महिला आशिया चषकाच्या ब गटात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून अ गटात बढती मिळवली, त्या संघात त्या होत्या. पुढे त्या भारताच्या कर्णधार झाल्या. राष्ट्रीय स्पर्धेत त्या रेल्वेकडून खेळल्या. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेल्या) भारतीय महिलांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच स्पर्धेत तीन विरुद्ध तीन प्रकारच्या महिला संघात नागपूरच्या सिया देवधर होत्या. यवतमाळच्या मुलींसाठी हे नाव जवळचे, कारण नागपूर यवतमाळपासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर आहे. अर्ध्या कोर्टवर चार खेळाडूंच्या चमूने खेळायचा हा प्रकार लहान शहरांना विशेष सोयीचा आहे. बारा जणांचे पथक उभे करणे ज्या गावाला जमत नाही, तिथे चार जण नक्की जमतात. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकपासून त्यात ऑलिंपिक पदकही आहे.

व्यावसायिक लीगचे प्रयत्न भारतात झाले, पण टिकले थोडे. यूबीए लीग २०१५ ते २०१७ या काळात चालली. मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे तिच्यातील महाराष्ट्राचे संघ. तीन विरुद्ध तीनची थ्रीबीएल लीग २०१८ मध्ये आली. महासंघाच्या पुढाकाराने आयएनबीएल २०२२ मध्ये सुरू झाली व तिच्यात मुंबई टायटन्स हा संघ उतरला. या लीगमधून खेळाडूला मिळणारा करार काही आठवड्यांचा असतो. म्हणूनच रेल्वे किंवा ओएनजीसीतील खेळाडू नोकरी राखूनच लीगमध्ये उतरतो, आणि ज्याला नोकरी नाही त्याला लीगवर वर्ष काढता येत नाही. या लीग विदर्भात संघ उभा करत नाहीत तोवर यवतमाळच्या मुलासाठी त्या पडद्यावर पाहण्यापुरत्याच राहतील.

परदेशात खेळण्याची वाट मोजक्याच भारतीयांनी चोखाळली. केरळच्या गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियातील रिंगवुड क्लबकडून खेळल्या. पंजाबच्या सतनाम सिंग भमरा यांची २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवड केली. अशी निवड झालेले ते पहिले भारतीय, मात्र एनबीएचा अधिकृत सामना त्यांना खेळता आला नाही. वाराणसीच्या विशेष भृगुवंशी यांना २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टी-सिक्सर्सने करारबद्ध केले. या यादीत मराठी खेळाडू नाही. एनबीएत महाराष्ट्राशी नाते सांगणारी नावे मैदानाबाहेरून आली. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. दुसरे नाव प्रशिक्षक सोनिया रामन यांचे; त्यांची आई मूळची नागपूरची. बारा वर्षे एमआयटीच्या महिला संघाला शिकवून त्या २०२० मध्ये मेम्फिस ग्रिझलीजच्या सहायक प्रशिक्षक झाल्या व २०२५ मध्ये महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगमधील सिॲटल स्टॉर्मने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. रामन यांचे उदाहरण इथे मुद्दाम नोंदवले आहे. प्रशिक्षण हीही या खेळातील पूर्ण व्यावसायिक कारकीर्द असू शकते, हे आपल्याकडे अजून पुरेसे मान्य झालेले नाही.

खेळाडू म्हणून उमेदीचा काळ साधारण तिशीनंतर ओसरतो. रेल्वेतील खेळाडू मग कार्यालयीन कामाकडे वळतो किंवा खात्याच्या संघाचा प्रशिक्षक होतो. प्रशिक्षक होण्यासाठी पटियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (स्थापना १९६१) डिप्लोमा मान्यताप्राप्त आहे, तर शाळेत नोकरीसाठी बी.पी.एड. लागते व ते अमरावतीत करता येते. पंच होणे हा तिसरा पर्याय. जिल्हा पातळीवरून परीक्षा देत राज्य व राष्ट्रीय पंच होता येते. जिल्ह्यात परतून शिकवू इच्छिणाऱ्या माजी खेळाडूला मात्र पूर्णवेळ पगारी मार्गदर्शकपद मिळणे अवघड असते. असे शिकवणे बहुधा दुसरी नोकरी सांभाळून, संध्याकाळी, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर चालते.