हिंसा व अहिंसक प्रतिकार (वऱ्हाडच्या संदर्भात)

माणसाच्या देहाला किंवा त्याच्या जगण्याच्या आधाराला जाणूनबुजून केलेली इजा, वा तशा इजेचा धाक, म्हणजे हिंसा. अशी इजा टाळून आणि शिक्षा स्वतःवर ओढवून घेऊन अन्याय्य हुकूम उघडपणे मोडणे म्हणजे अहिंसक प्रतिकार. कायदा मोडणे हीच हिंसा, अशी राज्यकर्त्यांची सोयीची समजूत असते. वऱ्हाडचे १९३० साल तिच्याविरुद्ध साक्ष देते. या मुलखाला समुद्र नाही, म्हणून अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा येथे खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यापासून मिठाचा कायदा मोडून मीठ काढले गेले. पावसाळ्यात मिठापेक्षा ढोरांच्या चाऱ्याचा प्रश्न अधिक जवळचा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात बंदी मोडून गवत कापले. त्यांच्यावर कलम लागले ते चोरीचे! चोर लपतो, इथे सारे आधी जाहीर करून झाले आणि पकडले गेल्यावर कोणी पळाले नाही.

मालमत्तेचे नुकसान हीसुद्धा हिंसाच, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. सरकारी कुरणातले गवत कापल्याने कोणाची चूल बंद पडली नाही. पण शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटवली तर त्याचे वर्षच बुडते, आणि ती हिंसा आहे. मालकी कोणाची यापेक्षा जगणे कोणाचे मोडले, हे पाहावे लागते.

याहून वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी मांडले की, सत्याग्रह ठरतो तो कार्याच्या न्याय्यतेने, अहिंसा शक्य तोवर पाळावी, पण गरज पडल्यास हिंसाही वर्ज्य नाही. हेतूवर त्यांनी दिलेला भर योग्यच आहे, कारण अन्यायासाठी केलेले शांत उपोषण आदरणीय ठरत नाही. मात्र एखादी कृती न्याय्य आहे का आणि ती हिंसक आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्याय्य हिंसेलाही हिंसाच म्हणावे लागेल. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली, आणि चिडलेल्या जमावाने पोलिसांना ठार मारले. जमावाचा संताप समजू शकतो, तरी ते मारणे हिंसाच होते. आणि हुकुमाचे पाठबळ होते म्हणून गोळीबार काही अहिंसक झाला नाही.

आज नांदगाव खंडेश्वरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात भावासाठी रस्ता अडवला, तर ही व्याख्या खरी कसाला लागते. दबाव हीच हिंसा मानली, तर संप आणि बहिष्कारही बाद होतील. ते मान्य करता येत नाही. पण अडकलेल्या गाडीत बाळंतीण असेल आणि तिला वाट दिली नाही, तर दुःख सोसणारी व्यक्ती आंदोलक उरत नाही. जून २०१७ च्या शेतकरी संपात रस्त्यावर दूध ओतले गेले, तेव्हाही भेद इथेच करायला हवा होता: स्वतःचे दूध ओतणारा आपला तोटा सोसून निषेध करतो, तर दुसऱ्या शेतकऱ्याच्या दुधाची गाडी अडवून ते ओतणारा त्या शेतकऱ्याची कमाई हिसकावतो.